मेटॅलिक रंग एअरब्रशसाठी पातळ करताना: थिनर, प्रमाण आणि फवारणी

साधा करडा किंवा हिरवा रंग एअरब्रशनं नीट मारता यायला लागला, की पुढच्या प्लास्टिक मॉडेलच्या किटला चांदी रंग मारावासा वाटतोच. आणि तिथेच गाडी अडते. तेच प्रमाण, तोच दाब, हातही तोच, पण विमानाच्या पंखावर ॲल्युमिनियमऐवजी राखाडी, खरखरीत थर बसतो. दोष हाताचा नसतो. साध्या रंगात बारीक दळलेलं रंगद्रव्य असतं. मेटॅलिक रंगात पारदर्शक बाइंडरमध्ये, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रवात, तरंगणारे चपटे पापुद्रे असतात: चांदी छटांत बहुतेक ॲल्युमिनियमचे, सोनेरी छटांत तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचे किंवा अभ्रकाचे. पापुद्रे पृष्ठभागावर सपाट निजले तर प्रकाश एकाच दिशेनं परततो आणि थर धातूसारखा दिसतो. ते उभे-तिरपे राहिले तर प्रकाश विखुरतो आणि उरतो तो नुसता करडेपणा.

म्हणून इथे थिनरला दोन कामं करायची असतात. पापुद्रे नोझलमधून अडकू न देता बाहेर काढायचे, आणि पृष्ठभागावर पोचल्यावर त्यांना आडवं व्हायला पुरेसा वेळ द्यायचा. तो वेळ जास्त झाला तर पापुद्रे वाहत जाऊन एका जागी गोळा होतात, कमी पडला तर जसे पडले तसेच सुकतात. खाली दिलेला प्रत्येक आकडा या एका गोष्टीसाठी आहे, हे लक्षात ठेवलंत तर आकडे पाठ करायची गरज पडणार नाही.

आधी बाटली ओळखा

रंग कोणत्या जातीचा आहे ते कळल्याशिवाय थिनर उघडू नका.

लॅकर: तामियाची एलपी मालिका (एलपी-११ सिल्व्हर, एलपी-३८ फ्लॅट ॲल्युमिनियम), मिस्टर कलरचा क्रमांक ८ सिल्व्हर. यांना लॅकर थिनरच लागतो. धातूछटा शिकायला हीच जात सर्वांत सोपी, कारण पापुद्रे बारीक असतात आणि थर पटकन पक्का होतो. वास आणि वाफ मात्र तीव्र.

अल्कोहोलवर आधारलेले ॲक्रिलिक: तामियाचे एक्स-११ क्रोम सिल्व्हर, एक्सएफ-१६ फ्लॅट ॲल्युमिनियम यांसारखे रंग. यांना एक्स-२०ए थिनर चालतो, आणि लॅकर थिनरही चालतो. खरं तर लॅकर थिनरमध्ये ते जास्त गुळगुळीत बसतात. एक्स-२०ए आणि एक्स-२० ही नावं सारखी दिसली तरी एक्स-२० हा एनॅमलचा थिनर आहे. तो या ॲक्रिलिकमध्ये पडला तर रंग गुठळ्या धरतो आणि एअरब्रश उघडून साफ करावा लागतो.

पाण्यावर आधारलेले ॲक्रिलिक: व्हॅलेहोची मेटल कलर मालिका. ही फवारणीसाठी तयारच येते. अल्कोहोल किंवा लॅकर थिनर यात घालायचाच नाही, रंगाचा चिकट गोळा होतो. रंग नोझलच्या टोकाशी सुकत असेल तर त्याच कंपनीच्या एअरब्रश थिनरचे दोन-तीन थेंब किंवा फ्लो इम्प्रूव्हरचा (रंग सहज वाहता ठेवणाऱ्या द्रवाचा) एखादा थेंब पुरतो.

एनॅमल: हम्ब्रोल वगैरे. एनॅमल थिनर किंवा शुद्ध व्हाइट स्पिरिट. सुकायला सर्वांत जास्त वेळ घेणारी जात.

तयार धातूछटा: अल्क्लॅड टू सारखे रंग इतके पातळ येतात की त्यात काहीही मिसळायचं नसतं. सवयीनं थिनर घातला तर झाकण्याची ताकद जाते आणि ओघळ येतात.

ढवळणं: इथेच निम्मं काम होतं

पापुद्रे जड असतात आणि तळाशी घट्ट बसतात. नुसती बाटली हलवून वरचा रंग घेतला, तर हातात येतो तो बराचसा बाइंडर. त्या दिवशी रंग झाकत नाही, पारदर्शक राहतो. आणि नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. दर वेळी वरचं-वरचं काढत गेलात तर बाटलीत उरलेल्या रंगात पापुद्र्यांचं प्रमाण कायमचं वाढतं, मग तो कितीही ढवळा, खरखरीतच बसतो.

सपाट टोकाच्या धातूच्या काडीनं तळ खरवडत, कोपऱ्यांत फिरवत, निदान दोन मिनिटं ढवळा. काडी वर काढून बघा. टोकाला जाड, गडद साका चिकटलेला असेल तर अजून झालेलं नाही. काडीवरून रंग एकसारखा, रेघा न उमटता घसरला पाहिजे. बाटलीत स्टेनलेस स्टीलच्या दोन छोट्या गोळ्या टाकून ठेवल्या तर पुढच्या वेळी काम हलकं होतं. साध्या लोखंडी गोळ्या टाकू नका, त्या गंजतात. ढवळून झालं की लगेच, बाटलीच्या मधल्या उंचीवरून रंग घ्या.

प्रमाण

रंग दुधासारखा पातळ करा, असं नवशिक्यांना सांगितलं जातं. साध्या रंगाला ते लागू पडतं, मेटॅलिकला त्यावर विसंबू नका. यातला बाइंडर मुळातच पातळ असल्यामुळे रंग डोळ्यांना बरोबर वाटतो, पण पापुद्रे अजून दाटीनं असतात. सुरुवात या प्रमाणांपासून करा. पहिला आकडा रंगाचा, दुसरा थिनरचा:

- तामिया ॲक्रिलिक, एक्स-२०ए मध्ये: १ : १.५
- तामिया ॲक्रिलिक, लॅकर थिनरमध्ये: १ : २
- तामिया एलपी आणि मिस्टर कलर: १ : २, शेवटच्या हाताला १ : ३
- एनॅमल: १ : १
- पाण्यावरचे तयार धातूरंग: थिनर नाही, फार तर १० भाग रंगाला १ भाग

थेंब मोजून प्रमाण ठेवू नका. थेंबाचा आकार द्रवाच्या पृष्ठताणावर आणि ड्रॉपरच्या टोकावर ठरतो, त्यामुळे रंगाचा दाट थेंब आणि थिनरचा थेंब सारखा पडेलच असं नाही. खुणा असलेला ३ मिलिचा प्लास्टिक ड्रॉपर घ्या आणि मिलिलिटरमध्ये मोजा. एका वेळी अर्धा मिलि रंग आणि एक मिलि थिनर, बस. कप भरून मिश्रण केलंत तर निम्मं संपेपर्यंत बाकीचे पापुद्रे तळाला गेलेले असतात.

आता कपाची भिंत बघा. मिश्रण एकदा भिंतीवर चढवून खाली येऊ द्या. मागे एकसारखा, झिरझिरीत चांदीचा पडदा राहिला आणि तो सावकाश खाली सरकला, तर प्रमाण जमलं. भिंतीवर पट्टे उमटले किंवा कण वेगवेगळे दिसले, तर ढवळणं अपुरं आहे. पडदा जागेवरच थबकला तर थिनर वाढवा. भिंत लगेच स्वच्छ झाली तर थिनर जास्त झालाय, थोडा रंग घाला.

थिनर जलद की संथ

लॅकर थिनरमध्येही प्रकार आहेत, आणि मेटॅलिकला त्यांचा फरक साध्या रंगापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर संथ सुकतो, कारण त्यात रिटार्डर, म्हणजे सुकणं लांबवणारं द्रव्य, असतं. पापुद्र्यांना निजायला भरपूर वेळ मिळतो, थर काचेसारखा गुळगुळीत येतो. पण हात जरा ओला पडला की तेच पापुद्रे पोहायला लागतात आणि ढगाळ डाग उमटतात. त्याच कंपनीचा रॅपिड थिनर झपाट्यानं उडून जातो. पापुद्रे जिथे पडले तिथेच थांबतात, डाग पडत नाहीत, म्हणून धातूछटांसाठी तो मुद्दाम सुचवला जातो. पण हवा गरम आणि कोरडी असेल तर रंग पोचण्याआधीच सुकतो. हवा दमट असेल तर दुसरीच अडचण: थिनर इतक्या वेगानं उडतो की पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर पांढुरका होतो.

नवशिक्यानं सुरुवात साध्या, मध्यम वेगाच्या लॅकर थिनरनं करावी. तो हाताळता आला की गरम-कोरड्या हवेत त्यात थोडा संथ थिनर मिसळावा आणि थंडीत जलद. दमट हवेत जलद थिनर टाळावा. दुकानात सर्वसाधारण रंगकामासाठी मिळणारा लॅकर थिनर उपकरणं धुवायला ठीक, मॉडेलवर नको. त्यातली विद्रावकं पॉलिस्टायरिनला, म्हणजे मॉडेलच्या प्लास्टिकला, कितपत खातील याचा भरवसा नसतो.

अस्तर

मेटॅलिक थर अत्यंत पातळ असतो, म्हणून खालचं सगळं वर दिसतं. ४०० नंबरच्या कागदाचे ओरखडे हिरव्या रंगाखाली लपतात, चांदीखाली उठून दिसतात. पुटीचे जोड ८००, १२०० आणि शेवटी २००० नंबरच्या पाणकागदानं घासा, भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळू द्या. त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका. बोटाचा तेलकट ठसा चांदीखालून हमखास वर येतो.

चकचकीत, पॉलिश केलेला पत्रा हवा असेल तर अस्तर चकचकीत काळं हवं. जुन्या, मंद ॲल्युमिनियमसाठी करडा प्रायमर पुरतो. काळं अस्तर खरोखर चकचकीत असलं पाहिजे. ते खरखरीत असेल तर वर कोणताही महागडा क्रोम रंग मारा, चमक येणार नाही. लॅकरचं काळं निदान २४ तास वाळू द्या. एनॅमलच्या काळ्याला काही दिवस लागतात, आणि नखानं हलकेच दाबून खूण उमटत नाही ना हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्धवट वाळलेल्या अस्तरावर लॅकर पडला की ते मऊ होतं आणि बारीक जाळीदार भेगा पडतात.

एअरब्रश आणि दाब

०.३ मि.मी. नोझल योग्य. ०.२ मध्ये जाडसर पापुद्रे अडकतात आणि रंग थुंकल्यासारखा ठिपक्यांनी उडतो. मोठ्या पृष्ठभागाला ०.४ किंवा ०.५ चालतं. दाब ट्रिगर दाबलेला असताना मोजा, कारण हवा सुरू झाली की गेजवरचा आकडा उतरतो. पातळ लॅकर मिश्रणाला १२ ते १५ पीएसआय, म्हणजे साधारण ०.८ ते १ बार. पाण्यावरच्या रंगांना १५ ते १८. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी बाटली लावलेली असू द्या. चांदीवर पडलेला पाण्याचा एक थेंब दुरुस्त करता येत नाही, तो भाग पुन्हा घासावा लागतो.

फवारणीआधी खोलीतली हवा बाहेर जाईल अशी सोय करा, पंखा लावलेला स्प्रे बूथ उत्तम. सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क हवाच. कापडी किंवा धुळीचा मास्क लॅकरची वाफ अडवत नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि आसपास ज्योत किंवा ठिणगी नको.

फवारणी, क्रमानं

१. रिकाम्या कपात आधी थिनरचे चार-पाच थेंब टाका. कोरड्या कपात दाट रंग थेट सुईपाशी गेला तर तिथेच बसतो.

२. मिश्रण बाहेर, वेगळ्या छोट्या भांड्यात करा आणि मग कपात ओता. शंका असेल तर बारीक नायलॉनच्या जाळीतून गाळा.

३. ज्या प्रायमरवर मॉडेल आहे तोच प्रायमर मारलेला प्लास्टिकचा चमचा घ्या आणि आधी त्यावर फवारा. चमच्याचा बाक विमानाच्या नाकासारखा आणि पंखाच्या मुळासारखा असल्यामुळे प्रकाश कसा फिरतो ते लगेच कळतं. कागदावर केलेली चाचणी इथे निरुपयोगी, कागद थिनर शोषून घेतो.

४. अंतर ५ ते ७ सें.मी. ठेवा. आधी हवा सुरू करा, हात मॉडेलच्या बाहेरून आत आणा, मग रंग सोडा. दुसऱ्या टोकालाही बाहेर गेल्यावरच रंग बंद करा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर आला पाहिजे.

५. पहिला हात धुक्यासारखा हलका. खालचं काळं दिसत राहिलं पाहिजे. इथे झाकायची घाई झाली की पुढचं सगळं बिघडतं. पाच ते दहा मिनिटं थांबा.

६. दुसरा हात थोडा ओला. फवाऱ्याच्या मागोमाग पृष्ठभाग क्षणभर ओलसर चकाकला आणि दोन-तीन सेकंदांत ती ओल विझली, तर वेग, अंतर आणि थिनर तिन्ही जमले आहेत. चकाकी उठलीच नाही तर रंग सुका पडतोय. ती दहा-दहा सेकंद टिकली तर जास्त ओला. दिवा तिरपा ठेवून काम करा, समोरच्या प्रकाशात ही ओल दिसतच नाही.

७. तिसरा हात लागला तरच, आणि तो जास्त पातळ मिश्रणाचा. पॉलिश केलेल्या धातूच्या छटांत कमी रंग म्हणजे जास्त चमक. काळं जेमतेम झाकलं गेलं की थांबा.

८. दर मिनिटा-दोन मिनिटांनी कपातलं मिश्रण हलवा. मऊ ब्रशनं ढवळा, किंवा दाब कमी ठेवून नोझलच्या टोपीवर कापड धरून ट्रिगर किंचित मागे ओढा, म्हणजे हवा उलटी कपात येऊन बुडबुडे काढते (यालाच बॅकफ्लश म्हणतात). कप अर्ध्याहून कमी भरलेला असतानाच हे करा, नाहीतर रंग बाहेर उसळून मॉडेलवर पडेल.

बिघाड आणि कारणं

राखाडी, खरखरीत थर. रंग वाटेतच सुकतोय. अंतर कमी करा, दाब दोन-तीन पीएसआयनं उतरवा, किंवा थिनर संथ घ्या. तिन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशानं जमलं ते कळणार नाही. असा सुका थर बोटाला लागतो आणि मास्किंग टेपबरोबर उठतो, म्हणून त्यावर पुढचा हात मारून झाकायचा प्रयत्न करू नका. पूर्ण वाळल्यावर २००० नंबरच्या ओल्या कागदानं हलकेच घासा आणि पुन्हा सुरू करा.

ढगाळ डाग, किंवा पॅनेल लाइनच्या (पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव खाचेच्या) कडेला गडद किनार. थर जास्त ओला झाला. ओल कडेला आणि खाचेत सगळ्यात शेवटी सुकते आणि पापुद्रे तिकडे ओढून नेते. डाग ताजा असेल तर हात लावू नका. वाळू द्या, मग अंतर थोडं वाढवून दोन हलके हात द्या. बऱ्याच वेळा एवढ्यावर निभावतं.

रंगाला बारीक फाटे फुटून ते चहूकडे पळणं. मिश्रण पातळ, एअरब्रश फार जवळ आणि ट्रिगर जास्त ओढलेला. आधी ट्रिगर आवरा, प्रमाण नंतर बघा.

मध्येच ठिपके उडणं. नोझलच्या टोकाशी पापुद्रे सुकून साचलेत. थिनरमध्ये भिजवलेल्या ब्रशनं टोक पुसा. लगेच पुन्हा तसंच झालं तर दोष बाटलीतल्या गुठळ्यांचा आहे, मिश्रण गाळा.

चकाकी आहे, पण मॉडेल खेळण्यासारखं दिसतंय. हा पातळ करण्याचा प्रश्नच नाही, पापुद्र्यांच्या आकाराचा आहे. ३० मायक्रॉनचा कण १/७२ मापावर खऱ्या विमानावरच्या २.१६ मि.मी. कणाएवढा दिसतो. विमानाच्या पत्र्यावर असे कण नसतात. छोट्या मापाला बारीक पापुद्र्यांचाच रंग निवडा. १/२४ च्या मोटारीवर तोच कण ०.७२ मि.मी. इतकाच होतो, आणि मोटारीच्या मेटॅलिक रंगात कण दिसणं खरंही वाटतं, त्यामुळे तिथे जाडसर रंग खपून जातो.

अभ्रकाच्या मोतिया आणि सोनेरी छटांचे पापुद्रे पारदर्शक असतात, हेही ध्यानात असू द्या. कितीही हात मारले तरी ते झाकत नाहीत. खालचा रंगच त्यांची छटा ठरवतो. सोनेरीखाली पिवळसर तपकिरी अस्तर दिलं तर दोन हातांत काम होतं.

टेप आणि वार्निश

लॅकर थर वाळला की २४ तास थांबा, मगच मास्किंग करा. टेप आधी हाताच्या मागच्या बाजूला एक-दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा, आणि काढताना ती स्वतःवर दुमडत, अगदी कमी कोनात ओढा.

वार्निश गरज असेल तरच. मॅट वार्निशनं चांदीचा सरळ करडा होतो, आणि लॅकरचं ओलं वार्निश खालचे पापुद्रे पुन्हा सैल करतं. डिकलसाठी (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांसाठी) थर लागणारच असेल तर पाण्यावरचं चकचकीत वार्निश, दोन हलक्या हातांत, आणि तेही आधी चमच्यावर बघून.

धुणं

पापुद्रे सुईच्या मागच्या सीलपर्यंत पोचतात आणि पुढच्या रंगात चमकायला लागतात. गडद हिरव्यात चांदीचे दोन ठिपके दिसले की ते इथूनच आलेले असतात. थिनरनं कप तीनदा धुवा, प्रत्येक वेळी बॅकफ्लश करून. सुई टोकाच्या दिशेनं पुसा, नोझल काढून आतून बारीक ब्रश फिरवा. शेवटचा थिनर पांढऱ्या कागदी रुमालावर फवारा आणि रुमाल तिरप्या प्रकाशात धरा. एकही कण चकाकला तर अजून एकदा. लॅकर वापरणार असाल तर एअरब्रशच्या ओ-रिंग (सील करणाऱ्या गोल कड्या) पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्या, आहेत का ते तपासून घ्या, साध्या रबराच्या फुगतात. धुतलेला थिनर सिंकमध्ये ओतू नका. झाकणाच्या काचेच्या बाटलीत साठवा. काही दिवसांत पापुद्रे तळाला बसतात आणि वरचा स्वच्छ भाग पुढच्या पहिल्या धुण्याला वापरता येतो. रंगात मिसळायला तो कधीच घेऊ नका.